सापडलं नाही, म्हणजे शोध वाया गेला?

क्रमाने लावलेल्या अ‍ॅरेत हवी ती संख्या नसेल, तर तिच्या अलीकडची आणि पलीकडची संख्या काढायला पहिल्यापासून लूप फिरवावा लागतो, असं प्रोग्रामिंग शिकणाऱ्या मुलांकडून सतत ऐकू येतं. कारणही ठरलेलं: ‘बायनरी सर्च फक्त आहे की नाही एवढंच सांगतो.’ हे साफ चूक आहे, आणि तरीही वर्षानुवर्षं तसंच घोकलं जातं, याचा खरोखर राग येतो.

१०, २०, २०, ३५, ५० हा अ‍ॅरे घ्या. इंडेक्स शून्यापासून मोजा आणि २७ शोधा. उरलेला भाग जिथे सुरू होतो तो इंडेक्स ‘लो’, जिथे संपतो त्याच्या पुढचा ‘हाय’. दर वेळी अर्धा भाग बाद करताना एक अट पाळायची: ‘लो’च्या डावीकडे सगळे २७ पेक्षा लहान, ‘हाय’पासून उजवीकडे सगळे २७ किंवा त्याहून मोठे. मधलं काही उरलं नाही की दोघे एकाच जागी येतात. इथे ती जागा इंडेक्स ३. तिथे ३५ आहे, त्याच्या आधी २०. दोन्ही शेजारी मिळाले. दहा लाख संख्या असल्या तरी यासाठी जास्तीत जास्त २० तुलना पुरतात. मग लूप कशाला?

समज पसरण्यात मुलांचा दोष थोडा आहे. शिकवताना न सापडल्यास उणे एक परत करणारा कोड फळ्यावर लिहितात आणि हातात आलेली जागा फेकून देतात. सी प्लस प्लसचं ‘बायनरी सर्च’ हे फंक्शनही फक्त हो किंवा नाही म्हणतं. जागा हवी तर ‘लोअर बाउंड’ वापरायचं. जावाचं ‘अ‍ॅरेज’मधलं ‘बायनरी सर्च’ मात्र २७ साठी उणे ४ देतं. मुलं उणे चिन्ह बघून थांबतात. जावाच्या अधिकृत दस्तऐवजात स्पष्ट लिहिलंय की हा आकडा म्हणजे घालायच्या जागेचं उणे रूप, त्यातून आणखी एक वजा. म्हणजे जागा ३ च.

काळजी घ्यायची ती टोकांना. ५ शोधलात तर जागा शून्य येते, डावा शेजारी नसतोच. पायथनमध्ये तिथे एक वजा केलात तर उणे एक हा इंडेक्स चालतो आणि शेवटचा ५० मिळतो, कसलीही एरर न येता. ही चूक फार उशिरा सापडते, म्हणून जागा शून्य आहे का, ही तपासणी आधी लिहा.

‘लोअर बाउंड म्हणजे सर्वांत जवळची संख्या’ हेही खरं नाही: २७ ला ३५ पेक्षा २० जवळ आहे, दोन्ही फरक काढावेच लागतात.

२० चे शेजारी इंडेक्सला एक मिळवून-वजा करून मिळतीलच असं नाही, कारण २० दोनदा आहे. पायथनमध्ये ‘बायसेक्ट लेफ्ट’ने मिळणाऱ्या, म्हणजे पहिल्या २० च्या जागेआधीचा १० आणि ‘बायसेक्ट राइट’ने मिळणाऱ्या, म्हणजे शेवटच्या २० नंतरच्या जागेवरचा ३५ घ्या.

जागा पटकन सापडली म्हणून नवी संख्या घालणंही स्वस्त होत नाही, पुढचे सगळे घटक सरकवावे लागतात. सतत भर पडत असेल तर जावात ‘ट्रीसेट’ घ्या. शेजाऱ्यांसाठी त्यात ‘लोअर’ आणि ‘हायर’ तयार आहेत.

आणि ‘एवढ्या सोप्या कोडमध्ये काय चुकणार?’ असं म्हणणाऱ्यांसाठी: सॉफ्टवेअर अभियंता जोशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये दाखवून दिलं की जावाच्या स्वतःच्या बायनरी सर्चमध्ये मधला इंडेक्स काढताना केलेली लो आणि हायची बेरीज प्रचंड मोठ्या अ‍ॅरेत इंटिजरच्या मर्यादेबाहेर जाऊन उणे होत होती. दोघांतला फरक अर्धा करून तो लोमध्ये मिळवला की ही चूक होत नाही.