मोटारीची समोरची काच बदलणे
मोटारीची समोरची काच दोन थरांमध्ये पॉलिव्हिनाइल ब्युटिरलचा पातळ पापुद्रा दाबून बनवलेली असते. त्यामुळे ती फुटली तरी तुकडे सहसा विखुरत नाहीत. आधुनिक मोटारींत ती पॉलियुरेथेन चिकटद्रव्याने सांगाड्याला जोडतात. घरी काच बदलताना जुने चिकटद्रव्य तारेने कापून चौकटीवर त्याचा १ ते २ मिलिमीटर थर राखला जातो. उघड्या पडलेल्या पत्र्यावर गंज टाळण्यासाठी प्रायमर लावून नव्या चिकटद्रव्याची अखंड पट्टी ओढतात व दोघे मिळून काच बसवतात. हे चिकटद्रव्य सामान्यतः हवेतील ओलाव्याने पक्के होते. थंड, कोरड्या हवेत अधिक वेळ लागतो. मोटार उलटल्यास छताला आणि अनेक मोटारींत चालकाशेजारच्या एअरबॅगला या काचेचा आधार असतो. म्हणून उत्पादकाने दिलेला अवधी संपण्यापूर्वी मोटार चालवणे धोक्याचे असते.