मालवाहू पिकअपच्या गिअरबॉक्समधील तेल केव्हा बदलावे?

बैलगाडीला वंगण केव्हा घालावे, हे शेतकऱ्यास कोणी शिकवावे लागत नसे. चाक कुरकुरू लागले की गाडीखाली लटकवलेल्या नळीतील वंगण आसाला लावले जाई व तेवढ्याने काम भागे. आज त्याच शेतकऱ्याचा माल पिकअप गाडीने बाजारपेठेत जातो. या गाडीच्या गिअरबॉक्सलाही वंगण लागते. परंतु तेथे कुरकुर ऐकू येईपर्यंत थांबून चालत नाही. गिअरबॉक्समधून आवाज येऊ लागला, म्हणजे आतील दात किंवा बेअरिंगे झिजली असे बहुधा समजावे. ही झीज नवे तेल घालून भरून येत नाही.

इंजिनमधील तेलाकडे बहुतेक गाडीमालकांचे लक्ष असते. ते काजळीने काळे पडते, त्याचा दाब कमी झाल्यास समोरचा लाल दिवा लागतो आणि ते मोजण्यासाठी सळईही असते. गिअरबॉक्समधील तेलाचा ज्वलनाशी संबंध येत नाही. त्यामुळे ते लवकर काळे होत नाही, आणि मालवाहू पिकअपमध्ये त्यासाठी सहसा दिवाही नसतो. म्हणूनच ते विसरले जाते. वास्तविक हे तेल प्रचंड दाबाखाली एकमेकांवर घासणाऱ्या दातांमध्ये पातळ थर राखून धातूला धातू लागू देत नाही. उष्णतेने व सततच्या घासण्याने त्याचा दाटपणा घटतो, त्यात मिसळलेली दाबरोधक रसायने खर्ची पडतात व झिजेचा बारीक चुरा साचत जातो.

तेल किती किलोमीटरनंतर बदलावे, याचा आकडा गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत दिलेला असतो. बहुधा त्याला महिन्यांचीही मर्यादा जोडलेली असते आणि दोहोंपैकी जी आधी येईल ती पाळावयाची असते. नव्या गाडीचे पहिले तेल लवकर बदलण्यास सांगितले असेल, तर ती सूचना टाळू नये. नवे दात एकमेकांत बसताना चुरा अधिक निघतो. येथवर काम सोपे आहे. अडचण अशी की, सगळे किलोमीटर सारखे नसतात.

पाच गिअर असलेल्या बहुतेक पिकअप गाड्यांत चौथा गिअर सरळ असतो. सपाट रस्त्यावर गाडी या गिअरमध्ये असते, तेव्हा इंजिनची शक्ती आतील दातांवर भार न टाकता थेट मागे जाते. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये मात्र तोच भार दातांच्या दोन जोड्यांमधून जातो आणि तेल तापते. रत्नागिरीचा आंबा घेऊन आंबा घाटातून कोल्हापूरकडे चढणाऱ्या गाडीचा एक किलोमीटर म्हणूनच सपाट महामार्गावरील एका किलोमीटरएवढा धरता येणार नाही. हीच गोष्ट उतरणीची. नारायणगावचे टोमॅटो भरून माळशेज घाटाने कल्याणकडे उतरणारी गाडी लहान गिअरमध्ये इंजिनच्या आधाराने रोखून धरली जाते, तेव्हाही सारा भार त्याच दातांवर येतो.

आणि येथे प्रश्न केवळ दुरुस्तीच्या खर्चाचा राहत नाही. झिजलेल्या गिअरबॉक्समधून उतरणीवर गिअर आपोआप सुटू शकतो. तो सुटला की इंजिनचा आधार जातो आणि भरलेल्या गाडीचे सारे वजन एकट्या ब्रेकवर पडते. तापलेले ब्रेक अशा वेळी पकड सोडू लागतात.

पुस्तिकेत कठीण वापरासाठी वेगळा आकडा दिला असल्यास तोच आपला आकडा समजावा. घाट, धुळीचा कच्चा रस्ता, वारंवार थांबत जाणारी फेरी आणि पूर्ण भार हा आपल्याकडील पिकअपचा नेहमीचा वापर आहे. पुस्तिकेच्या भाषेत तोच कठीण वापर होय. वेगळा आकडा नसेल, तर दिलेल्या अंतराच्या निम्म्यावर तेल बदलणे शहाणपणाचे. पुस्तिकेत ४०,००० किलोमीटर लिहिले असतील, तर घाटातील गाडीसाठी २०,००० धरावेत. क्षमतेपेक्षा अधिक माल भरण्याची सवय असल्यास हा हिशेबही पुरणार नाही. तेथे आधी सवय बदलली पाहिजे.

पाण्याच्या बाबतीत तर किलोमीटर पाहूच नयेत. गरम गिअरबॉक्स ओढ्याच्या पाण्यात बुडाला की एकदम निवतो, आतील हवा आकसते आणि हवेच्या छिद्रातून अथवा सीलमधून पाणी आत खेचले जाते. पाण्याने तेल दुधाळ दिसू लागते. असे तेल, ते महिन्यापूर्वी घातलेले असले तरी, ताबडतोब काढून टाकावे. मागील आसाच्या डिफरन्शियलमधील तेलही त्याच वेळी पाहावे.

पातळी तपासण्यास गाडी सपाट जागी उभी करून गिअरबॉक्स निवू द्यावा. त्याच्या बाजूचा भरणीचा बोल्ट काढून बोट घालावे. तेल सामान्यतः भोकाच्या खालच्या कडेपर्यंत असावे. बोटावरील तेल दोन बोटांत चोळून पाहावे व हुंगावे. गिअर ऑईलचा मूळचा वास गंधकासारखा उग्र असतो, त्यावरून ते बिघडले असे समजू नये. जळकट वास निराळा. गाडीखाली जमिनीवर तेलाचे डाग दिसत असतील, तर गळती आधी थांबवावी. जुन्या तेलापेक्षा कमी तेलाने गिअरबॉक्स अधिक लवकर खराब होतो.

गिअर जड पडतो म्हणून तेल बदलले आणि तरीही फरक पडला नाही, असा अनुभव अनेकांना येतो. इंजिन बंद असताना सर्व गिअर सहज पडत असतील व चालू केल्यावरच करकरत असतील, तर दोष बहुधा क्लचचा असतो. प्रथम तो तपासून घ्यावा.

तेल निवडताना दुकानदार देईल तो डबा उचलू नये. डब्यावरील दाटपणाचा अंक, उदाहरणार्थ ८० डब्ल्यू ९०, आणि जीएल-४ किंवा जीएल-५ हा दर्जा पुस्तिकेशी जुळला पाहिजे. जीएल-५ हा आकडा मोठा म्हणून तेल अधिक चांगले, असा समज आढळतो. काही जीएल-५ तेलांतील गंधकयुक्त रसायने गिअरबॉक्समधील पितळी कड्यांना बाधतात. डिफरन्शियलला योग्य असलेले तेल गिअरबॉक्सला योग्य असेलच असे नाही. ऑटोमॅटिक गिअरच्या गाड्यांचे द्रव तर वेगळेच, बहुधा लाल रंगाचे असते.

तेल बदलण्यापूर्वी गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवावी. कोमट तेलाबरोबर तळाचा गाळही निघून येतो. प्रथम भरणीचा बोल्ट उघडावा, मगच तळाचा. उलट केल्यास आणि भरणीचा बोल्ट गंजून अडकल्यास रिकाम्या गिअरबॉक्सची गाडी जागीच अडकून पडते. तळाच्या बोल्टला चुंबक असल्यास त्यावरील करडा, पिठासारखा चुरा नेहमीचा समजावा. धातूचे कपचे किंवा दाताचा तुकडा आढळल्यास मात्र नवे तेल घालण्याआधी कारागिरास बोलवावे. तेल ठरलेल्या पातळीपेक्षा अधिक भरू नये; त्याला फेस येतो व सील गळू लागतात.

काढलेले तेल ओढ्यात, विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नये. ते झाकणाच्या डब्यात साठवून मान्यताप्राप्त संकलकाकडे पोहोचेल अशा गॅरेजमध्ये द्यावे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावातील गाडीमालकांसाठी असे एक गॅरेज शोधून ठेवावे आणि तेल बदलल्याची तारीख व किलोमीटर गाडीच्या दारावर आतून रंगाने लिहून घेण्यास सांगावे. वहीत केलेली नोंद घरी राहते, आणि गाडी चालविणारा पुष्कळदा मालकाहून निराळा असतो.