सुट्टे

पहिल्या दिवशी मी काकांना विचारलं, "नाव काय तुमचं?" ते म्हणाले, "सुट्टे." घरात कोण कोण असतं? "सुट्टे." चहा आला, साखर घालू का विचारलं, तर हात झटकत, वैतागून, "सुट्टे!" एसटीत ३१ वर्षं कंडक्टर. स्ट्रोकने उजवा हात गेला आणि शब्दांपैकी हा एकच उरला. काकू डोळे पुसत म्हणाल्या, "डोक्यावर परिणाम झालाय हो, मॅडम." झालेला नव्हता. साखर नको होती, आणि ते त्यांनी मला सांगितलं होतं.

याला वाचाघात म्हणतात. भाषेचं काम बहुतेकांच्या मेंदूत डावीकडे चालतं आणि उजव्या अंगाची सूत्रंही तिथूनच हलतात, म्हणून उजवा हात आणि बोलणं अनेकदा एकदमच जातं. काकांची जीभ हलत होती, समजही जागेवर होती. अडत होतं ते शब्द सापडण्यापाशी. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरांनी असाच एक रुग्ण पाहिला. त्याला फक्त ‘टॅन’ म्हणता यायचं. तो गेल्यावर मेंदू तपासला, तर डाव्या बाजूला, पुढच्या भागात इजा सापडली. ‘टॅन’ कुठून आलं कुणास ठाऊक, आमच्या काकांचं ‘सुट्टे’ निदान कुठून आलं ते तरी कळतं.

मी स्पीच थेरपिस्ट. चार वर्षांचा अभ्यासक्रम, त्यात शेवटचं वर्ष इंटर्नशिप, वर सरकारी नोंदणी; तरी लोक विचारतात, "तोतऱ्या मुलांना शिकवता ना?" मी जाते ती स्ट्रोक, पार्किन्सन्स, डोक्याला मार लागलेल्यांच्या घरी. पुण्यात, स्कूटरवरून, दिवसाला चार-पाच घरं. दवाखान्याच्या कागदावर तळाला ‘स्पीच थेरपी घ्यावी’ एवढी एक ओळ असते, आणि घरच्यांना वाटतं बोलण्याचा क्लास लावायचाय.

प्रत्यक्षात निम्मं काम गिळण्याचं. पाणी सगळ्यात पातळ, म्हणून सगळ्यात अवघड. घशाचे स्नायू उशिरा हलले की श्वासनलिका झाकली जायच्या आत ते खाली पोचतं. फुप्फुसात गेलं तर न्यूमोनियाची भीती. काहींचं तर ठसकाही न लागता गुपचूप जातं. काकांना ठसका लागायचा, आणि काकू लगबगीने त्यांच्या टाळूवर थापटत म्हणायच्या, "वर बघा, वर बघा!" आपण सगळे असेच वर बघत मोठे झालो. पण मान मागे गेली की श्वासाची वाट आणखी उघडी पडते.

मी टीव्ही बंद करायला लावला, काकांना सरळ बसवलं, कंठमण्यावर बोट ठेवून एक चमचा पाणी दिलं. कंठमणी वर उचलला जायला वेळ लागला. मग माझं बघून त्यांनी "आ" केलं. आवाज ओला, गुळणी धरल्यासारखा. घट्ट ताकाचा चमचा दिला. आता ‘आ’ कोरडा. त्या दिवसापासून पाण्यात घट्ट करायची पावडर, पोहे-चुरमुरे बंद, गुरगुट्या भात. आमटी-भात चालेल, पण पाणी एकीकडे आणि शितं एकीकडे असा नको, एकजीव हवा.

बोलण्याचं मात्र चमच्याने मोजता येत नव्हतं. माझ्या पिशवीतल्या परदेशी कार्डांवर टोस्टर आहे. तो काकांनी धडधाकट असतानाही ओळखला नसता. अशा वेळी पाठ असलेलं कामी येतं. आकडे, वार, रामरक्षा, शिव्यासुद्धा: हे जुळवावं लागत नाही, घरंगळत येतं. रामरक्षा काकांना येत नव्हती. "रूट कुठला होता?" मी काकूंना विचारलं. स्वारगेट-सातारा.

"स्वारगेट, कात्रज..." मी सुरू केलं.

"खेड शिवापूर," काका म्हणाले. मग कापूरहोळ, शिरवळ, खंडाळा. काकू रडल्या. मला रडू आलं नाही, कारण ओघात आलेला शब्द अजून काकांच्या हुकमाचा नव्हता. ओघ तोडून, मधलंच एक गाव विचारलं की पुन्हा ‘सुट्टे’.

पार्किन्सन्सवाल्यांचं उलट असतं. शब्द सगळे शाबूत, आवाजच बसलेला, आणि त्यांना वाटतं बायको बहिरी झाली. तिथे आठवड्यातून ४ दिवस, ४ आठवडे, एकच धोशा लावायचा: मोठ्याने.

काकांच्या घरी मला खरी शिकवणी घ्यावी लागली ती काकूंची. काही विचारलं की त्या दोन सेकंद थांबत नाहीत. काकांना लागतात बारा. "काका, दुखतंय का?" "नाही हो, दुखत नाही त्यांना." त्यात वाचाघातात हो आणि नाही यांची अदलाबदल होते. मान डोलावली म्हणून त्यांना दोनदा नको असलेली खिचडी वाढली गेली. शेवटी अंगठा वर-खाली ठरवला, आणि काकूंना घड्याळासमोर बसवलं.

गेल्या मंगळवारी मी मधूनच विचारलं, "काका, शिरवळनंतर काय लागतं?" काकूंचे ओठ हलले. त्यांनी पदर तोंडावर धरला. नऊ सेकंद. दहा.

"खं," काका म्हणाले. थांबले. "खंडाळा."

"आणि मग घाट!" काकूंना राहवलं नाही.

काकांनी डावा हात वर करून त्यांना गप्प केलं, आणि ठणकावून म्हणाले, "सुट्टे."