ओट्यावरचं लिंबू

आमच्या घरात अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, एकही धड फोटो नाही. भिंतीवर हार घातलेला जो आहे, तो माझ्या धाकट्या दिरांच्या लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापून मोठा केलेला. नीट पाहिलं तर त्यांच्या खांद्यावर कुणाचा तरी हात दिसतो. तो हात कुणाचा, यावर आमच्याकडे अजून एकमत झालेलं नाही.

खरं म्हणजे फोटो असायला हवा होता. 2004 साली अण्णांची पंचाहत्तरी झाली. मुलुंडला आमच्याच घरी, घरच्या घरी. कॅमेरा माझा, म्हणून फोटोंची जबाबदारीही माझीच. उजेड चांगला म्हणून मी अण्णांना मोठ्या हौसेनं खिडकीपाशी बसवलं, खिडकीकडे पाठ करून. 36 चा अख्खा रोल संपवला. आठवड्यानं प्रिंट हातात आले तेव्हा खिडकीबाहेरचा शेवगा पानन्‌पान स्पष्ट दिसत होता आणि अण्णांच्या जागी एक काळी आकृती बसली होती. दोन वर्षांनी अण्णा गेले. कॅमेऱ्यात काहीतरी बिघाड असणार, असं मी पुढे बरीच वर्षं सांगत असे. कॅमेरा ठणठणीत होता.

निवृत्त झाल्यावर ठरवलं, आता हे शिकायचंच. मुलानं वापरायचा सोडलेला कॅमेरा होता. तो गळ्यात अडकवून मी भांडुपच्या उदंचन केंद्राकडे खाडीवर रोहित पक्षी टिपायला गेले. दोनशे फोटो काढले. दोनशे फोटोंत मिळून गुलाबी ठिपके. ओळखीचे एक जुने छायाचित्रकार आहेत, त्यांना ते दाखवले. त्यांनी शांतपणे सगळे पाहिले आणि म्हणाले, ‘‘ताई, एक महिना घराबाहेर फोटो काढू नका. एक लिंबू घ्या आणि ओट्यावर ठेवा. पक्षी उडून जातो, लिंबू कुठे जात नाही.’’

मला राग आला होता, हे कबूल करते. पण त्या लिंबानं मला जे शिकवलं, ते आज तुम्हाला सांगायचं आहे. त्यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. तुमच्या हातातला मोबाइल पुरे.

पहिल्या दिवशी मी सकाळी सात, दुपारी बारा, संध्याकाळी पाच आणि रात्री ट्यूबलाइटखाली असे एकाच लिंबाचे, एकाच जागेवरून चार फोटो काढले आणि शेजारी शेजारी ठेवून पाहिले. चार वेगळी लिंबं वाटावीत! सकाळच्या तिरक्या उजेडात सालीवरची बारीक छिद्रं दिसत होती, लिंबू गोल आहे हे कळत होतं. दुपारी ते पसरट झालं. रात्री नुसता पिवळा डाग. लिंबू बदललं नव्हतं, उजेड बदलला होता. सहलीला गेलं की वस्तू, जागा, माणसं, उजेड सगळंच एकदम बदलतं. मग फोटो कशामुळे चांगला आला आणि कशामुळे बिघडला, हे कळणार कसं? घरी बाकी सगळं तसंच ठेवून एकच गोष्ट बदलता येते.

पुढचे काही दिवस मी फक्त उजेडाची दिशा पाहिली. लिंबू खिडकीकडे तोंड करून, खिडकीला पाठ करून आणि खिडकीच्या बाजूला, असं ठेवलं. पाठ करून ठेवलेलं लिंबू काळं पडलं आणि मला अण्णांचा रोल आठवला. कॅमेरा समोरच्या सगळ्या उजेडाचा हिशेब करतो. खिडकीतून लख्ख आभाळ येत असेल तर तो म्हणतो, उजेड भरपूर आहे, कमीच घेऊ या. आभाळ नीट येतं आणि माणूस अंधारात जातो. त्या दिवशी अण्णांची खुर्ची काटकोनात वळवून खिडकी त्यांच्या डाव्या हाताला आणली असती, तर तेवढ्यानं काम झालं असतं. बाजूनं उजेड आला की एक अंग उजळतं, दुसरं सावलीत जातं आणि वस्तूला घडण येते. सावली फारच गडद वाटली तर त्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करायचा. नव्या शर्टाच्या आत येतो ना, तोच. खिडकीतला उजेड त्यावर आपटून परत येतो.

छायाचित्रणाची सुरुवातही खिडकीपाशीच झाली, हे मला फार उशिरा कळलं. इंग्लंडमध्ये लेकॉक इथे विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी ऑगस्ट 1835 मध्ये स्वतःच्या घरातली जाळीदार खिडकी टिपली. टपालाच्या तिकिटाएवढी ती निगेटिव्ह आजही जपून ठेवलेली आहे. त्यासाठी त्यांनी लहान लहान लाकडी पेट्या करून घेतल्या होत्या आणि त्या घरभर पडलेल्या असत. त्यांची पत्नी कॉन्स्टन्स त्यांना उंदराचे सापळे म्हणे! पुढे 1844 पासून त्यांनी छायाचित्रांचं पुस्तक भागाभागांनी काढलं, त्यात फळीवर मांडलेली चिनीमातीची भांडी आहेत, काचेची भांडी आहेत, दाराला टेकवलेला खराटा आहे.

पण मला जवळचं वाटतं ते दादरचं उदाहरण. 1912 साली दादासाहेब फाळके विलायतेहून कॅमेरा घेऊन परतले. चित्रपट काढायचा तर पैसे हवेत आणि पैसे देणाऱ्यांना काहीतरी दाखवायला हवं. फाळक्यांनी घरी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि महिनाभराहून अधिक काळ त्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपली. मिनिटभराची फिल्म तयार झाली, ‘अंकुराची वाढ’. बी रुजतंय, कोंब वर येतोय, वेल चढतोय, हे डोळ्यांदेखत पाहून कर्ज देणाऱ्यांचा विश्वास बसला आणि 3 मे 1913 रोजी गिरगावात ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. सरस्वतीबाई फाळके फिल्मला भोकं पाडायला, ती धुवायला घरीच शिकल्या होत्या. कुंडी हलवायची नाही, कॅमेरा हलवायचा नाही, हे महिनाभर घरातल्या पोरांना बजावायचं काम कुणाकडे असेल, याचा अंदाज बायकांना सहज येईल.

लिंबानंतर मी भात आणि तवा घेतला. पांढऱ्या भाताच्या वाटीचा फोटो काढला, तर भात मळकट आला. काळ्या लोखंडी तव्याचा काढला, तर तवा राखाडी. कारण कॅमेऱ्याची समजूत अशी, की जगात सगळं मध्यम करड्या रंगाचं असतं. पांढरं दिसलं की तो त्याला खाली ओढतो, काळं दिसलं की वर. तेव्हा पांढऱ्या वस्तूसाठी आपण उजेड थोडा वाढवायचा, काळ्यासाठी कमी करायचा. मोबाइलवर वस्तूवर बोट टेकवलं की बहुतेक फोनमध्ये सूर्याचं चिन्ह येतं, ते वरखाली सरकवायचं. लग्नात पांढऱ्या सोवळ्यातले गुरुजी आणि काळ्या कोटातला नवरदेव यांचे फोटो का बिघडतात, ते मला भाताच्या वाटीनं शिकवलं.

सगळ्यात जास्त घाम फोडला तो स्टीलच्या पेल्यानं. स्टीलच्या पेल्याचा फोटो खरं तर पेल्याचा नसतोच, पेल्यासमोर जे असतं त्याचा असतो. माझ्या पहिल्या पेल्यात मी स्वतः गाऊनमध्ये, मागे वाळत घातलेले टॉवेल, खिडकीची ग्रिल आणि गॅसचा सिलिंडर इतका सगळा संसार होता. मग दोन्ही बाजूंना पांढरे ड्रॉइंग पेपर उभे केले, मी बाजूला सरकले, तेव्हा पेला गुळगुळीत दिसू लागला. पण आता त्याच्या कडा पार्श्वभूमीत विरघळल्या. कडेला काळ्या कागदाची बारीक पट्टी उभी केली, तेव्हा रेघ आली. या एका पेल्यात चार दिवस गेले. अमेरिकेत एडवर्ड वेस्टन यांनी 1930 साली ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून असाच पिच्छा पुरवला होता. त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या फोटोचं नावच ‘मिरची क्रमांक 30’ आहे. त्यांच्या मिरच्या शेवटी जेवणात जात, तेवढं माझ्या पेल्याचं नशीब नव्हतं.

बारीकसारीक गोष्टी वाटेत कळत गेल्या. दिवसा खिडकीचा उजेड वापरताना दिवा बंद ठेवावा, नाहीतर वस्तूची एक बाजू निळसर, दुसरी पिवळी येते. संध्याकाळी हात हलतो. कोपर ओट्यावर टेकावं किंवा फोन लोणच्याच्या बरणीला टेकवून टायमर लावावा. फोन वस्तूच्या फार जवळ नेला की कपाचा कान हत्तीच्या कानासारखा दिसतो, माणसाचं नाकही तसंच. दोन पावलं मागं यावं. समोरच्या बिल्डिंगला गुलाबी रंग दिला, तेव्हा माझ्या पांढऱ्या बशा गुलाबी येऊ लागल्या, हे कळायला मला आठवडा लागला. आणि पावसाळ्यात मुंबईच्या दमटपणानं लेन्सला बुरशी धरते. कॅमेरा असेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा.

आपल्या खिडकीची ओळख मात्र प्रत्येकानं स्वतःच करून घ्यायला हवी. मुंबईत जून ते डिसेंबर सूर्योदयाची जागा क्षितिजावर सुमारे 50 अंशांनी सरकते. माझ्या पूर्वेच्या खिडकीत म्हणूनच जूनचं ऊन एका कोपऱ्यातून येतं, डिसेंबरचं दुसऱ्या. मुलुंड आणि बोरिवली यांच्यामध्ये राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत. आमच्याकडे सूर्य डोंगरामागे मावळतो, बोरिवलीच्या माझ्या बहिणीकडे डोंगरामागून उगवतो. तिच्या सकाळच्या लिंबाला माझ्यापेक्षा उशिरा ऊन लागतं, यावरून आमचे फोन होतात. मेहुणे आम्हाला वेड्यात काढतात.

गेल्या थंडीत आई स्वयंपाकघरात स्टुलावर बसून मेथी निवडत होती. आता ती 88 वर्षांची आहे. माझ्या लक्षात आलं, ती नेमकी लिंबाच्या जागी बसली आहे. खिडकी तिच्या डाव्या हाताला, उजेड सकाळचा तिरका. स्टुलामागची बादली हळूच बाजूला केली, नातीला पुठ्ठा धरायला लावला. आई म्हणाली, ‘‘आटप गं बाई, अजून अख्खी जुडी निवडायची राहिलीय.’’ चौथ्या फोटोत तिनं मान वर केली. चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती आली आहे आणि दोन्ही डोळ्यांत खिडकी आली आहे, ग्रिलसकट.

मी तो मोठा करून आणला. आईनं बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, ‘‘चांगला आलाय. पण भिंतीवर लावू नकोस. भिंतीवर गेलेल्यांचे असतात.’’ तेव्हा तो फ्रिजच्या दारावर आहे, चुंबकाखाली.

आमची सोसायटी आता पुनर्विकासाला जाते आहे. इमारत पडेल, शेवगा जाईल, माझी खिडकीही. नवं घर होईपर्यंत भाड्यानं राहायचं म्हणून परवा एक जागा बघायला गेलो. यजमान एजंटला पाणी किती वाजता येतं, लिफ्ट कधी बंद असते, हे विचारत होते. मी पर्समधून लिंबू काढलं आणि तिथल्या ओट्यावर ठेवलं.