बाहुलीतील पांढरी चमक : लहान बालकांच्या डोळ्यांतील अर्बुद

निरोगी डोळ्याची बाहुली काळी दिसते. बाहुली हे वस्तुतः बुबुळाच्या मध्यभागी असलेले छिद्र होय. त्यातून प्रकाश आत शिरतो व डोळ्याच्या मागील भिंतीवरील दृष्टिपटलावर पडतो. तेथून फारच थोडा प्रकाश परत बाहेर येतो, म्हणून ती काळी भासते. परंतु क्वचित एखाद्या लहान बालकाच्या बाहुलीत, विशेषतः तिन्हीसांजेच्या अंधुक उजेडात, मांजराच्या डोळ्यासारखी पांढुरकी चमक दिसते. बहुधा आईच ती प्रथम पाहते. "फूल पडले असेल, जाईल आपोआप," असे कोणी सांगते आणि महिने लोटतात. ही चमक दृष्टिपटलावर वाढणाऱ्या अर्बुदाची, म्हणजे कर्करोगाच्या गाठीची, असू शकते. या रोगास रेटिनोब्लास्टोमा असे नाव आहे.

हा रोग विरळा आहे. सुमारे १५ ते २० हजार जन्मांमागे एखाद्या बालकास तो होतो व बहुतेक वेळा वयाच्या पाचव्या वर्षाच्या आतच प्रकट होतो. मग प्राथमिक शिक्षकाने त्याची माहिती का ठेवावी, असा प्रश्न उद्भवतो. अंगणवाडी पुष्कळदा शाळेच्याच आवारात असते. धाकटी भावंडे थोरल्यांचे बोट धरून शाळेत येतात. आणि गावातील पालक अडीअडचणीला शिक्षकाचाच सल्ला घेतात. शिवाय, गाठ डोळ्याच्या आत आहे तोवर उपचार झाले, तर बालकाचा जीव बहुधा वाचतो. प्रगत देशांत अशी शंभरांपैकी पंचाण्णवांहून अधिक बालके बरी होतात. मात्र रोग दृष्टिमज्जातंतूच्या मार्गाने मेंदूकडे अथवा रक्तावाटे हाडांतील मज्जेत पोहोचला, म्हणजे उपचार फार कठीण होतात. आपल्याकडे उशीर हाच मोठा शत्रू आहे.

पांढरी चमक हे मुख्य लक्षण होय. दुसरे लक्षण म्हणजे नव्याने आलेला तिरळेपणा. तिरळेपणास कित्येक घरी शुभ मानतात, म्हणून त्याकडे विशेष दुर्लक्ष होते. डोळा लाल होणे, दुखणे, मोठा दिसणे वा पुढे येणे ही लक्षणे बहुधा मागाहून दिसतात. आरंभी वेदना नसतात. दुसऱ्या डोळ्याने दिसत असल्यामुळे बालक हसते, खेळते, तक्रार करीत नाही. अशा वेळी एक साधी परीक्षा उपयोगी पडते. बालकाचा एकेक डोळा तळहाताने हलकेच झाकावा. एक डोळा झाकल्यावर ते शांत राहते आणि दुसरा झाकताच हात दूर सारते, असे झाल्यास उघड्या राहिलेल्या डोळ्याची दृष्टी मंद असण्याचा संभव असतो. मोबाईलवर प्रखर प्रकाशात काढलेल्या छायाचित्रात एक बाहुली तांबूस व दुसरी पांढरी दिसली, तरीही सावध व्हावे. प्रत्येक पांढरी चमक कर्करोगाचीच असते असे नाही. जन्मजात मोतीबिंदूनेही बाहुली पांढरी दिसते, आणि त्यावरही वेळेवर उपचार व्हावा लागतो. म्हणून तपासणी दोन्ही प्रकारे हिताचीच ठरते.

निदानासाठी नेत्रतज्ज्ञ औषधाचे थेंब घालून बाहुली मोठी करतात व बालकास भूल देऊन दोन्ही डोळे आतून तपासतात. सोनोग्राफी व एम. आर. आय. यांचेही साहाय्य घेतात. इतर गाठींचा तुकडा काढून तपासतात, तसे येथे सहसा करीत नाहीत. कारण सुईच्या वाटेने रोगपेशी डोळ्याबाहेर पसरण्याचा धोका असतो.

गाठ लहान असल्यास लेसर किरणांनी किंवा अतिशीत उपचाराने ती नष्ट करतात. मोठी असल्यास औषधांनी प्रथम आकसवितात. अशा रीतीने पुष्कळदा डोळाही वाचतो. मात्र गाठीने डोळा व्यापला असेल, तर तो काढून टाकणे हाच जीव वाचविण्याचा मार्ग उरतो. स्कॉटिश शल्यवैद्य जेम्स वॉर्ड्रॉप यांनी १८०९ साली, भूल देण्याची विद्याही नव्हती त्या काळी, हाच सल्ला दिला होता. येथेच घरची मंडळी अडतात. मुलगी असेल तर तिच्या लग्नाची चिंता पुढे येते, आणि डॉक्टरांनी सांगूनही बालकास घरी परत आणले जाते. ज्या डोळ्याने मुळीच दिसत नाही, तो राखण्यासाठी बालक गमावले जाते. काढलेल्या डोळ्याच्या जागी हुबेहूब दिसणारा कृत्रिम डोळा बसविता येतो, हे अशा वेळी शिक्षकाने पालकांस समजावून सांगावे.

हा रोग संसर्गजन्य नाही. दृष्ट लागल्याने वा आईच्या चुकीनेही तो होत नाही. पेशींच्या वाढीस लगाम घालणारे एक जनुक असते. त्याच्या दोन्ही प्रती बिघडल्या म्हणजे गाठ उद्भवते, हा सिद्धांत अमेरिकन वैद्य आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ साली मांडला. काही बालकांत पहिला बिघाड जन्मतःच असतो. त्यांचे पुष्कळदा दोन्ही डोळे ग्रासले जातात. म्हणून एका बालकास हा रोग झाल्यास त्याच्या लहान भावंडांचेही डोळे तपासून घेणे अगत्याचे आहे.

शिक्षकांनी पुढील गोष्टी कराव्यात :

१. पालकसभेत ही लक्षणे सांगावीत व अंगणवाडीसेविकेसही त्यांची माहिती द्यावी.

२. संशय येताच, पुढील आरोग्य तपासणीची वाट न पाहता, त्याच आठवड्यात बालकास जिल्हा रुग्णालयातील नेत्रविभागाकडे पाठवावे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकासही कळवावे.

३. डोळ्यात मध, झाडपाल्याचा रस अथवा अंजन घालू देऊ नये.

४. खर्चाच्या भीतीने पालक अडल्यास महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयात करण्यास सांगावे व आवश्यक दाखले मिळविण्यास साहाय्य करावे.

५. उपचार सुरू झाल्यावर बालक नियमाने तपासणीस जाते की नाही, याची अधूनमधून घरी जाऊन विचारपूस करावी.

उपचार घेतलेले बालक पुढे पहिलीच्या वर्गात येईल. चांगला डोळा फळ्याकडे राहील अशा जागी त्यास बसवावे, खेळताना त्या डोळ्यास इजा होणार नाही याची काळजी घ्यावी, आणि त्याच्या व्यंगावरून त्यास कोणी नाव पाडणार नाही याकडे कटाक्षाने लक्ष द्यावे. एका डोळ्यानेही ते इतरांइतकेच वाचू-लिहू शकते.