बसऱ्याला गेलेले पणजोबा

आमच्या घरी एवढेच ठाऊक होते, पणजोबा पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेले ते परतलेच नाहीत. कोरेगावच्या विजयस्तंभावर १८१८ च्या शूरांची नावे कोरलेली आहेत. बसऱ्याच्या स्मारकावर मात्र हिंदी अधिकाऱ्यांचीच नावे. साध्या शिपायांची पलटणवार नुसती संख्या! ती नावे आता राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या नोंदींत सापडतात. कित्येकदा बापाचे नाव, गाव, तालुकाही असतो. स्पेलिंग मात्र कारकुनाच्या कानाला आले तसे. म्हणून आम्ही गावावरून शोधले. तीन नोंदी जुळल्या. आजी सांगायची ते बापाचे नाव एकाच नोंदीत होते. आडनाव नव्हते, शिपाई नंबर होता. आत्या म्हणाली, "परत वाच बघू."