फुकटची वीज, महागाचा अंधार

‘राजकारणाशी आपल्याला काय करायचंय?’ बचत गटाच्या बैठकीत हे वाक्य मी हमखास ऐकते. मैत्रिणींनो, राजकारण काही दार वाजवून घरात येत नाही. ते विजेच्या तारेतूनही येतं.

२००५ नंतरची काही वर्षं आठवा. खेडोपाडी दहा-बारा तासांचं भारनियमन होतं. आमच्या भागातल्या एका गटानं कर्ज काढून मिरची कांडपाचं यंत्र घेतलं. दिवसा लाइट नाही, म्हणून बायका रात्री अकराला कांडायला बसायच्या. ऑर्डरी वेळेवर जाईनात, बँकेचा हप्ता मात्र तारखेला हजर!

ही वेळ का आली? २००४ च्या विधानसभा निवडणुकीआधी सरकारनं शेतीपंपांना मोफत वीज जाहीर केली. विरोधकांचंही आश्वासन तेच. निवडणूक झाली, तेच पक्ष सत्तेवर आले आणि २००५ मध्ये योजना गुंडाळली गेली. तिजोरीला झेपत नाही, हे मतदानाआधी ठाऊक नव्हतं का?

दाभोळचंही तसंच. १९९३ मध्ये एन्रॉनशी करार झाला. वीज महाग पडणार, हा आक्षेप खरा होता. पण १९९५ मध्ये सरकार बदललं, करार रद्द झाला आणि १९९६ मध्ये पुन्हा नव्यानं झाला. १९९९ मध्ये सुरू झालेला प्रकल्प २००१ मध्ये बंद पडला. पुढं राज्यात विजेचा तुटवडा असताना एवढं मोठं वीजकेंद्र काही वर्षं नुसतं उभं होतं.

घरखर्चाचंच उदाहरण घ्या. चार जण जेवतात, एकच पैसे देतो. तर किराणा किती दिवस पुरेल? शेतीचा दर कमी ठेवायचा म्हणून कारखान्यांकडून जास्त घेतात. मग कारखाना दुसऱ्या राज्याकडे बघतो आणि आपल्या पोरांची नोकरी जाते. थकबाकी वाढली की नव्या तारा, नवे ट्रान्सफॉर्मर मागे पडतात. यात शेतकऱ्याचा दोष नाही. त्या बिचाऱ्याला रात्री साप-विंचवाच्या भीतीत पाणी द्यावं लागतं. फुकटपेक्षा त्याला दिवसा आणि पुऱ्या दाबानं वीज हवी असते.

मार्ग नाही असं नाही. गुजरातनं २००३ पासून ‘ज्योतिग्राम’ योजनेत शेतीचे आणि गावाचे फीडर वेगळे केले. पंपांना ठरलेले तास, घरांना आणि छोट्या धंद्यांना दिवसभर वीज. आपल्याकडेही गावठाण फीडर वेगळे करण्याचं काम झालं, शेतीसाठी सौर वाहिन्याही आल्या. पण २०२४ मध्ये, पुन्हा विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना पाच वर्षं मोफत वीज जाहीर झालीच. तिचे पैसे तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-माझ्या खिशातूनच जाणार ना?

आपण भाजी घेताना दहा प्रश्न विचारतो, मत देताना एकही नाही. यापुढं उमेदवार हळदी-कुंकवाला वाण घेऊन आला, तर ते घ्या अथवा घेऊ नका. पण एवढं जरूर विचारा, ‘भाऊ, फुकट काय देणार ते राहू द्या. आमच्या गिरणीला, शिलाई मशीनला दिवसा किती तास वीज मिळेल, आणि तिचे पैसे कोण भरणार?’